आठातली पाचवी बॅटरी

"बाई, गाडी मेल्याली नाय. तुम्ही असं मयताला आल्यावानी उभं ऱ्हाऊ नका, आधी त्या स्टुलावर बसा. आठबैली नांगर पायलाय का कधी?"

"नाही."

"माझ्या बापानं धरल्याला. आठ बैलं जुपल्याली, एकामागं एक. आता त्यातला एक मटकन् खाली बसला, तं बाकीच्या सातांनी काय करायचं? नांगर वढायचा का बसल्याल्या बैलाला वढायचं? तुमच्या गाडीच्या पोटात तशा आठ बॅटऱ्या हायेत. एखादी बसली असंल."

"गोटीरामभाऊ, मला बैल नका सांगू. बारा जूनला शाळा उघडते. मला माझ्या गाडीनं जाता येईल की नाही, तेवढं सांगा."

गोटीराम लभडेनं अ‍ॅसिडचा दम मोजायचा काचेचा हायड्रोमीटर पुसला. आठ बॅटऱ्या, एकेकीला तीन कप्पे, म्हणजे चोवीस कप्पे. ते एकेक करून मोजल्याशिवाय तो तोंड उघडणार नव्हता. बाकी कुठल्याही विषयावर तो न मोजता बोलायचा.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या एप्रिलची. नाशिकच्या गंगापूर रोडवर आनंदवलीच्या पुढं गोटीरामचं बॅटरीचं दुकान. पत्र्याचं छप्पर, आत दोन चार्जर, अ‍ॅसिडचे कॅन, आणि भिंतीला खालपासून वरपर्यंत काळ्या बॅटऱ्यांची रास. समोर स्टुलावर बसल्या होत्या त्या ज्योत्स्नाबाई. नाशिकरोडच्या शाळेत गणित शिकवायच्या. लहानपणी तापात डावा पाय गेला, तो पुन्हा आला नाही. क्लच दाबणं त्या पायाला जमण्यासारखं नव्हतं, त्यामुळं साधी गाडी चालवायचा प्रश्नच नव्हता. अकरा वर्षं त्या रिक्षानं गेल्या. एक रिक्षा सीबीएसच्या एसटी स्टँडपर्यंत, तिथून दुसरी नाशिकरोडला, आणि दोन्हींत चढताना कुणीतरी दंडाला धरून "चढा बाई" म्हणायचं. ते दंडाला धरणं बाईंना पायापेक्षा जास्त दुखायचं.

मग ती विजेवर चालणारी इवलीशी गाडी निघाली. क्लच नाही, गिअर नाही, नुसते दोन पेडल, आणि दोन्ही उजव्या पायाचे. दोन हजार तीनच्या दसऱ्याला बाईंनी ती घेतली. गंगापूर रोडवरची पोरं तिला खेळण्यातली गाडी म्हणायची. बाई काच खाली करून म्हणायच्या, "खेळण्यातली तर खेळण्यातली, ढकलायला तर तुम्हाला बोलावत नाही ना?"

परवा मात्र ढकलायची वेळ आली. परीक्षेचे पेपर घेऊन येताना गाडी द्वारका चौकात उभी राहिली. मागं ट्रकांची रांग, पुढं पोलीस, आणि पोलिसानं येऊन बाईंच्या दंडाला धरलं. तिथून टेम्पोला बांधून गाडी गोटीरामच्या दारात आणली होती.

गोटीरामनं चोवीस कप्पे मोजले. सात बॅटऱ्या अर्धपोटी, पण धडधाकट. पाचवीचा मधला कप्पा मात्र खलास. हायड्रोमीटरमधली तरंगती गोटी वर यायलाच तयार नव्हती.

"पाचवी," तो म्हणाला. "मधला कप्पा. पण तुम्ही काळजी कशाला करता? कागद हे ना तुमच्याकडं?"

कागद होता. बाईंनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फाईलमध्ये आणि फाईल कपाटात जपली होती. तीन वर्षांची वॉरंटी, आणि तिचे अजून सहा महिने बाकी.

"मंग झालं तं! कंपनीला फोन लावा. आठच्या आठ नव्या बसवून देतील. मी बी हजर ऱ्हातो. त्यांच्या माणसाला काय इचारायचं असलं तं मी सांगंन."

इथंच घोटाळा होता, पण तेव्हा तो दोघांच्याही ध्यानात आला नाही.

गोटीराम मूळचा आनंदवलीतल्याच भाजीवाल्यांच्या घरचा. बाप मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर पिकवायचा, दसऱ्याला झेंडू. पोरगं मात्र वाफ्यात कमी आणि गावच्या लाउडस्पीकरवाल्याच्या मागं जास्त. लग्नसराईत स्पीकरच्या बॅटऱ्या सायकलवरून वाहता वाहता त्याला त्यांचा नाद लागला. नव्वदच्या सुमाराला त्यानं स्वतःचा चार्जर घेतला आणि डोंगराकडं धंदा सुरू केला. तेव्हा पेठ-हरसूलकडच्या कित्येक पाड्यांवर खांब आले होते, तारा आल्या नव्हत्या. टीव्ही मात्र आले होते, आणि ते बॅटरीवर चालायचे. दर बाजाराला गोटीराम जीपच्या टपावर भरलेल्या बॅटऱ्या घालून हरसूलला न्यायचा आणि रिकाम्या परत आणायचा. अ‍ॅसिडनं त्याच्या एकूणएक पँटींची चाळण झालेली. बायको नवसाबाई म्हणायची, "ह्यांच्या पँटीतून पीठ चाळून घ्यावं, निराळी चाळणी इकत घ्यायला नको."

तिकडं हरसूलजवळच्या एका पाड्यावर चंदर भोये म्हणून एक भातवाला होता. त्याची नवी बॅटरी सहा महिन्यांत गेली. चंदर ती डोक्यावर घेऊन बाजारात आला आणि म्हणाला, "दादा, हिला घरात निजवली, भिजू दिली नाही, तरी मेली कशी?"

गोटीराम त्याच्याबरोबर पाड्यावर गेला. संध्याकाळी बघतो तर चंदरच्या ओटीवर अख्खा पाडा बसलेला. बॅटरी उतरत आली की टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आत आत यायचं, माणसं वीतभराची व्हायची, मग बोटभराची, तरी कुणी उठायला तयार नाही. शेवटी काचेच्या मध्यावर एक ठिपका राहायचा आणि तो विझला की मंडळी घरी जायची.

"आरं, तू तिचं रगात शेवटच्या थेंबापर्यंत पितो, मंग ती जगंल कशी?" गोटीराम म्हणाला. त्यानं चुलीतला कोळसा घेतला आणि टीव्हीच्या काचेवर चारी बाजूंना दोन-दोन बोटं सोडून रेघा ओढल्या. "चित्र ह्या रेघंला लागलं का बंद. मंग गोष्टीतली पोरगी मरू दे नाहीतर तिचं लगीन होऊ दे."

चंदरनं पाड्याच्या शिव्या खाल्ल्या, पण रेघ पाळली. ती बॅटरी सहा वर्षं चालली. तिच्या कागदावर बारा महिने लिहिले होते.

तेव्हापासून गोटीरामचा कागदावरचा विश्वास उडाला आणि रेघेवर बसला. बॅटरी किती जगणार हे कारखाना सांगू शकत नाही, वापरणाराचा हात सांगतो, असं त्याचं म्हणणं. तो स्वतःची हमी द्यायचा, तोंडी, आणि तिची एकच अट. दर पोळ्याला बॅटरी माझ्यापुढं आणायची. एक पोळा चुकला, हमी बुडाली.

पोळाच का, तर त्याचंही कारण होतं. बापाच्या जमिनीचे प्लॉट पडले त्या साली बैलजोडी विकली गेली. पोळ्याच्या दिवशी अंगण मोकळं. गोटीरामला सकाळपासून हात चाळवायला लागले, तर त्यानं दुकानातल्या बॅटऱ्या बाहेर ओळीनं मांडल्या, सोड्याच्या कोमट पाण्यानं धुतल्या, तारा जोडायच्या खुंटांना व्हॅसलिन चोपडलं, कडेनं गेरूचा पट्टा ओढला आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं त्या दिवसाची तारीख आणि कप्प्यांचे आकडे पाठीवर घातले. नवसाबाईनं हसत हसत का होईना, पुरणाची पोळी दाखवली. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकं आपापल्या बॅटऱ्या घेऊन आली. मग तो रिवाजच पडला. ट्रॅक्टरची, जीपची, पिठाच्या गिरणीवाल्याच्या इन्व्हर्टरची, पोळ्याला सगळ्या अंघोळीला. कुणाला पैसे पडत नव्हते.

ज्योत्स्नाबाईंची गाडीही दोन पोळे येऊन गेली होती. गोटीराम सीट उचलायचा, झाकण काढायचा, आठच्या आठ बाहेर घेऊन धुवायचा, डिस्टिल वॉटर भरायचा आणि पाठीवर आकडे घालायचा. झाकणाच्या कडेला कंपनीचं एक कागदी चिकटपट्टीचं सील होतं. पहिल्या पोळ्यालाच ते ओलं होऊन निघालं. गोटीरामनं ते नीट घडी करून बाईंना दिलं. बाईंनी तेही फाईलमध्ये ठेवलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून कंपनीचा माणूस आला. महेश नावाचा पोरगेला इंजिनियर, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजायचं यंत्र. गरीब स्वभावाचा होता. आल्या आल्या त्यानं पाणी मागितलं, बाईंना मॅडम म्हणाला आणि गोटीरामला काका. मग सीट उचललं आणि तसाच वाकून राहिला.

खाली आठ बॅटऱ्या, कडेनं गेरूचे पट्टे, पाठीवर पांढरे आकडे.

"हे कोणी केलं?"

ज्योत्स्नाबाईंना धोक्याचा वास आला. त्यांनी काठीनं गोटीरामच्या चपलेला हळूच टोचलं. पण गोटीराम त्या वेळी काठीनं ऐकणाऱ्यातला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एका शिकलेल्या माणसानं त्याच्या बॅटऱ्यांकडं इतकं निरखून पाहिलं होतं.

"मी!" तो म्हणाला. "दोन वर्सं झाली, मीच करतो. सगळ्या भायेर काढतो, सोड्यानं धुतो, पानी भरतो. ह्ये आकडं बघा ना, एकेका कप्प्याचं हायेत. पयल्या साली पाचवी जरा मागं होती, दुसऱ्या साली जास्त मागं. म्हंजी खोट पयल्यापासून हे. तुमच्या पुण्यात तरी ठेवतं का कुनी असं?"

बाईंनी पुन्हा टोचलं, जोरात.

"काय वं बाई, चप्पल फाटंल माझी!"

महेशनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "काका, हे झाकण फक्त आमच्या माणसानं उघडायचं असतं. सील तुटलं की वॉरंटी संपली. तसं कार्डावर लिहिलंय."

"पर मी बिघाडलं काय? धुतल्या, पुसल्या."

"नसेल बिघडवलं. पण मला लिहावं लागेल की बॅटऱ्या बाहेरच्या माणसानं हाताळल्या. आणि दुसरं म्हणजे रोज पूर्ण चार्ज झालेली दिसत नाही."

"पूर्ण कशी होईल?" बाई उसळल्या. "रोज सहा तास लाइट नसते. चार्जिंगला लावली की तासाभरात गेलीच. शाळेत लावावी तर तिथं शाळेच्या वेळेतच लोडशेडिंग. वीज मी घरी पिकवू का?"

"मॅडम, ते मला कळतं. कार्डाला कळत नाही." तो खाली बघून म्हणाला. "पाचवी उघडून आत काय खोट आहे ते दाखवलं असतं, तर कदाचित वरचे ऐकते. पण उघडायची परवानगी नाही, आणि उघडली की ती पुरावा राहत नाही."

हे ऐकून गोटीरामला हसावं का रडावं कळेना. त्यानं आपल्या गेरूच्या पट्ट्यांकडं पाहिलं. आयुष्यभर त्याला वाटत होतं, आपण ह्या मुक्या जनावरांची सेवा करतो. आणि ह्या एका ठिकाणी त्या सेवेनंच घात केला होता.

महेश गेल्यावर ज्योत्स्नाबाईंनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "गोटीरामभाऊ, तुमच्या पोळ्यानं माझी वॉरंटी खाल्ली."

"खाल्ली."

"आणि मी काठीनं टोचत होते ते काय गंमत म्हणून?"

"मला वाटलं, तुम्हाला बी माझं कौतुक वाटतंय."

बाईंना हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला. नव्या आठ घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. कंपनी सुटी एक द्यायला तयार नव्हती. बारा जूनपासून पुन्हा रिक्षा, पुन्हा "चढा बाई". घर ते शाळा, जाऊन येऊन सव्वीस किलोमीटर. गाडी आता बारासुद्धा जात नव्हती.

"बाई," गोटीराम म्हणाला, "गाडी हितं सोडा. मला नवी करता येनार नाय, खोटं कशाला बोलू. पन सव्वीस जाईल आसं काहीतरी करतो. नाय गेली तं पुढली दोन वर्सं मी तुम्हाला माझ्या टेम्पोनं शाळेत सोडीन."

"म्हणजे तेच. कुणीतरी चढवणार."

"तेच. म्हनूनच म्हनतो, आधी गाडी."

नवसाबाईनं आतून विचारलं, "अवो, टेम्पो कुठं हे आपला?"

"इकत घेईन," गोटीराम म्हणाला. त्यावर तिचं भांड्यांशी बोलणं वाढलं.

त्यानं आधी पाचवी घेतली. करवतीच्या पात्यानं झाकण कापलं, अ‍ॅसिड ओतून काढलं, मधल्या कप्प्यातला प्लेटांचा जुडगा चिमट्यानं वर ओढला. दोन प्लेटांमध्ये एक पातळ पट्टी असते, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. ती एका जागी फाटलेली होती, कारण तिथं एका प्लेटचा कोपरा वाकडा. जन्मापासून वाकडा. गोटीरामनं तो नवसाबाईला दाखवला.

"बघ. वाकडी जल्माला आली, आन् बोल मला लागला."

"मंग दाखवा ना जाऊन त्या पोऱ्याला."

"कशाला? त्यो म्हनंल, तुम्हीच वाकवली."

त्यानं पट्टी बदलली, वाकडा कोपरा कातरीनं कापून टाकला, शिसं वितळवून तुटलेला सांधा जोडला आणि झाकण डांबरानं बंद केलं. हे काम नाशकात करणारे तेव्हा तीन-चार हात उरले होते, आणि त्यातल्या एकाला दिसत नव्हतं.

पण बाकीच्या सात अर्धपोटी होत्या. तीन वर्षं लोडशेडिंगमुळं त्यांना कधी पोटभर मिळालंच नव्हतं, आणि अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर पांढरी पापुद्र्यासारखी साय धरते. ती घाईनं जात नाही. थोडी थोडी वीज, दिवसचे दिवस, न तुटता द्यावी लागते. आणि न तुटणारी वीज गंगापूर रोडवर नव्हती. गोटीरामनं सगळ्या आठ हातगाडीवर घातल्या आणि सातपूरला कारखान्यांच्या वसाहतीत धोंडीराम ह्या दोस्ताच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नेल्या. तिथं आठवड्यातून एकच दिवस वीज जायची.

धोंडीराम म्हणाला, "किती तास लागंल?"

"बारा दिवस."

"गोट्या, ही बॅटरी हे का बाळंतीन?"

बारा दिवस गोटीराम रोज सायकलवरून सातपूरला जायचा. हात लावून गरम किती ते बघायचा, आकडे घ्यायचा. चौथ्या दिवसापर्यंत काहीच हललं नाही. त्या दिवशी तो घरी येऊन न जेवता झोपला, आणि नवसाबाईला पहिल्यांदा टेम्पोची खरी भीती वाटली. सहाव्या दिवशी दोन कप्प्यांची गोटी वर आली. मग एकेक करत बाकीचे. दहाव्या दिवशी पाचवीसुद्धा उठली, पण बाकीच्यांच्या एक पायरी खाली राहिली. ती तशीच राहणार, हे त्याला कळलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाई आणि तो गाडीतून निघाले. बाई चालवत होत्या, गोटीराम गुडघे छातीशी घेऊन शेजारी. अशोकस्तंभ, सीबीएस, द्वारका, नाशिकरोड, आणि परत. द्वारकेला बाईंची नजर चार्जच्या काट्यावर गेली. काटा उतरत होता, पण सरळ, भसकन नाही. आनंदवलीला आले तेव्हा सत्तावीस झाले होते आणि काट्यात अजून जरासं होतं.

"ह्या खुणंच्या खाली काटा कधी न्यायचा नाय," काट्याच्या काचेवर गेरूची खूण करत गोटीराम म्हणाला. "आन् दोन पावसाळे. तिसऱ्याची हमी मी देनार नाय. पाचवी तुम्हाला आधी सांगंल, गाडी चढावर रेंगाळाय लागंल. तवा नवीन घ्या, माझ्यावर रागावू नका."

"रागावणारच," बाई म्हणाल्या. "सोमवारी मी एकटी जाते. तुम्ही शेजारी नकोत."

"मी कशाला बसू? माझं वजन ऐंशी किलो. मी उतरलो का दोन किलोमीटर तसंच वाढलं."

सोमवारी, बारा जूनला, सकाळी सात वाजता ती गाडी दुकानावरून आवाज न करता गेली. गोटीरामनं पाहिलं नाही असं दाखवलं. त्या दिवशी त्यानं एका स्कूटरच्या बॅटरीला उलट्या तारा जोडल्या आणि अ‍ॅसिडच्या कॅनचं झाकण पाण्याच्या कॅनला लावलं. एक वाजला. शाळा साडेबाराला सुटायची. सव्वा वाजला. नवसाबाई डबा घेऊन आली, त्यानं तो उघडला नाही.

"अवो, द्वारकेला गर्दी असंल."

"माहितीये मला गर्दी असती ते."

एक पस्तीसला गाडी वळणावर दिसली. रेंगाळत नव्हती. बाई सरळ पुढं बघत होत्या, दुकानापाशी आल्यावर त्यांनी दोन बोटं उचलल्यासारखं केलं आणि गेल्या.

"थांबल्या बी नाय," गोटीराम म्हणाला.

"थांबायला काय काम हे?" नवसाबाई म्हणाली. "जिची चालू हे ती बॅटरीवाल्याच्या दारात कशाला थांबंल? जेवा."

त्यानं दोन घास घेतले तोच मखमलाबादचा एक जण ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावर घेऊन आला आणि ती धाडकन् ओट्यावर ठेवली. सेल्फ मारत नाही म्हणाला. गोटीरामनं डबा बाजूला सारला, हात फडक्याला पुसले आणि झाकणं फिरवायला सुरुवात केली.

"पानी कधी घातलं होतं हिला?"

"घालायचं असतं का?"

"शाबास. बसा त्या स्टुलावर."

आणि हायड्रोमीटर घेऊन तो पहिल्या कप्प्यावर वाकला.